घरच्या भाजीचा हिशेब

गच्चीवरच्या बागेची कुठलीही कार्यशाळा घ्या, सुरुवात बहुधा विषापासून होते. बाजारातली भाजी फवारलेली, गटाराच्या पाण्यावर पोसलेली, म्हणून घरी पिकवा. पुढचा टप्पा स्वयंपूर्णतेचा: चार कुंड्यांपासून सुरुवात करा, वर्षभरात मंडईत जावं लागणार नाही. ताजेपणाचा उल्लेख सगळ्यांत शेवटी आणि जाता जाता होतो. हाती असलेला पुरावा पाहिला तर हा क्रम बदलायला हवा. ताजेपणाची बाजू भक्कम आहे, विषमुक्तीची मध्यम आणि स्वयंपूर्णतेची, निदान शहरात, अगदीच लंगडी. क्रम बदलल्याने घरी भाजी लावण्याचं कारण नाहीसं होत नाही. मात्र काय लावायचं, किती लावायचं आणि पैसे कशावर घालायचे याची उत्तरं बदलतात. हौसेने आणलेल्या कुंड्या दोन पावसाळ्यांत रिकाम्या होऊन जिन्याखाली जातात. त्याचा दोष लोक स्वतःच्या आळसाला देतात, पण बऱ्याचदा तो सुरुवातीला मिळालेल्या आश्वासनाचा असतो.

आधी आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारून काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चौघांच्या घराला रोज १.६ किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ५८५ किलो. आता जागा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधल्या १३ शहरी बागांच्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चौरस मीटरला सरासरी ५.९ किलो उत्पादन निघालं. तिथल्या व्यावसायिक भाजीशेतीच्या हे जवळजवळ दुप्पट. पण त्यासाठी श्रम आणि खतं-माती यांचा मारा भरमसाट होता, हेही त्याच अभ्यासाने नोंदवलं. हा उदार आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावला तरी चौघांना सुमारे १०० चौरस मीटर निव्वळ वाफा लागतो. हजारावर चौरस फूट झाले ते. मुंबई-पुण्यातल्या सदनिकेच्या बाल्कनीत चार चौरस मीटर जागा कुंड्यांना मिळाली तरी ती चैन. तिथून वर्षाला चोवीसेक किलो भाजी निघेल, तीही उन्हाची, पाण्याची आणि हाताची कृपा असेल तर. चौघांची ती जेमतेम पंधरा दिवसांची गरज.

उन्हाची कृपा हे शब्द उगाच वापरलेले नाहीत. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे त्याहून थोडं खाली. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य या शहरांच्या उत्तरेकडे कललेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी हिवाळ्यात आतपर्यंत उन्हाने भरते, कारण डिसेंबरात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीसेक अंशच वर असतो. याच बाल्कनीला ऐन उन्हाळ्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे थेट ऊन जवळजवळ मिळत नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, दोडका अशा फळभाज्यांना रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं तीन-चार तासांत भागतं. म्हणजे बहुतेक बाल्कन्या पालेभाजीच्याच लायकीच्या असतात आणि बहुतेक लोक पहिल्यांदा टोमॅटोच लावतात. मग झाड उंच जातं, काडी बारीक राहते, चार फुलं येऊन गळतात आणि रोपवाटिकेवाल्याला शिव्या बसतात.

गच्चीवर ऊन मुबलक, पण तिथे दुसरी मर्यादा आहे. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात धरलेला चल भार आहे दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड असते. एक फूट खोल मातीचा वाफा बांधला की दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन झालं. जुन्या इमारतीच्या गच्चीवर विटा लावून मातीचे वाफे करणं हा बागकामाचा नव्हे, स्थापत्य अभियंत्याचा विषय आहे. गळतीच्या भीतीने सोसायटीचे सचिव नाही म्हणतात त्याला लोक खवटपणा समजतात. तो दर वेळी खवटपणा नसतो. कंपोस्ट, पालापाचोळा आणि कोकोपीट यांचं हलकं मिश्रण, पंधरा सेंटिमीटर खोल, तुळया आणि भिंतींच्या जवळ ठेवलेल्या ट्रेंमध्ये, हे छताला पेलतं. एवढ्या खोलीत नीट काय येतं? पुन्हा मेथी, पालक, माठ, कोथिंबीर.

मग घरच्या भाजीने पोट भरलेल्यांच्या गोष्टी खोट्या का? नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी ‘विजय बागा’ होत्या आणि देशातल्या ताज्या भाजीचा ४० टक्क्यांच्या आसपास वाटा त्यांतून येत होता, असा अंदाज सांगितला जातो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९१ नंतर, तेल आणि खतं मिळेनाशी झाली तेव्हा हवानाने शहरातल्या मोकळ्या भूखंडांवर वाफे उभारले आणि नागरिकांना खरोखर भाजी पुरवली. पण पहिल्या उदाहरणात घरामागे जमीन होती. दुसऱ्यात सरकारने जमीन दिली आणि कामावर माणसं नेमली. बाल्कनी कुठेच नव्हती. ही उदाहरणं आपल्या गृहसंकुलांना लावणं म्हणजे नुसती सजावट.

महाराष्ट्रात या उदाहरणांशी खरी तुलना होते ती खेड्यातल्या परसबागेची. न्हाणीच्या पाण्यावर आळू आणि केळ, कुंपणाला वाल-घेवड्याचा वेल, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, छपरावर दुधी. वेगळं पाणी नाही, विकतचं खत नाही आणि जागेला भाडं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो गावरान बियाणं जपण्याबद्दल. त्यांच्या कामाचा पाया अशी परसबागच आहे. एक वाल संपता संपता दुसरा शेंगेवर येतो, म्हणून अनेक वाण ठेवायचे, हे तिथलं शहाणपण. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने बचतगटांमार्फत पोषण परसबागांची मोहीम हाती घेतली तीही याच परंपरेवर. अशा ठिकाणी किलोचा हिशेब जुळतो, आणि ज्या घरात आठवड्याला दोनदाच भाजी शिजते तिथे तो जुळण्याला मोल आहे. इथेही दावा तोलून करावा. विकसनशील देशांतल्या परसबागांसारख्या शेतीकार्यक्रमांचा २३ अभ्यासांवर आधारलेला एक पद्धतशीर आढावा २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. बाग असलेल्या घरात तिथे पिकणारी भाजी जास्त खाल्ली जाते, हे त्यात दिसलं. मुलांची वाढ सुधारते असं ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा मात्र मिळाला नाही. परसबाग हगवण थांबवत नाही, आईला कामावरून लवकर घरी पाठवत नाही, डाळ आणि अंडी देत नाही. भाजी देते.

आता विष. केंद्र सरकारच्या कृषी खात्याची कीडनाशक अवशेष तपासणी योजना २००५-०६ पासून चालू आहे. तिच्या २०१४-१५ च्या अहवालाची बरीच चर्चा झाली. देशभरातून भाज्या, फळं, मसाले, धान्य, दूध अशा पदार्थांचे २०,६१८ नमुने घेतले होते. १८.७ टक्क्यांत अवशेष सापडले आणि २.६ टक्क्यांत ते कमाल मर्यादेच्या वर होते. वर्तमानपत्रांनी यातला पहिला आकडा मथळ्यात घेतला, सरकारने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. खरी चिंता तिसऱ्या आकड्याची होती: १२.५ टक्के नमुन्यांत अशी औषधं सापडली जी त्या पिकावर वापरायला मंजूरच नाहीत. कृषी सेवा केंद्रातला माणूस देईल ते मारायचं आणि फवारणीनंतर किती दिवस थांबायचं हे कुणी विचारायचं नाही, या रीतीचं ते फळ आहे. तेव्हा बाजारातली प्रत्येक जुडी विषारी, हे खोटं. सगळं मर्यादेत आहे, निश्चिंत राहा, हेही पुरतं खरं नाही. नळाखाली चोळून धुतल्याने वरवरचे अवशेष बरेच कमी होतात. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसात असतात, ती धुऊन जात नाहीत. घरच्या कुंडीत हा प्रश्न मुळातूनच टाळता येतो, हे मान्य करायला हवं. पण चारशे ग्रॅमपैकी पंधरा-वीस ग्रॅम घरचे असतील तर उरलेल्या ३८० ग्रॅमांचं काय? त्यांना घरची बाग उत्तर देत नाही. ते उत्तर तपासणी, शेतकऱ्याचं प्रशिक्षण आणि औषध विक्रीवरचा अंकुश यांतूनच यायचं आहे.

सेंद्रिय भाजी अधिक पौष्टिक असते का, यावर पन्नासेक वर्षांचं संशोधन आहे आणि निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. लंडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये जुने अभ्यास चाळून सांगितलं की पोषणमूल्यात म्हणण्यासारखा फरक नाही. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने साधारण तेच सांगितलं, मात्र सेंद्रिय मालात अवशेष सापडण्याची शक्यता कमी असते हे नोंदवलं. २०१४ मध्ये न्यूकॅसलच्या गटाने ३४३ शोधनिबंध एकत्र करून पाहिले तेव्हा सेंद्रिय मालात काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. तिन्हींचं मिळून एवढंच म्हणता येतं की अवशेष कमी असतात हे नक्की, पोषण किंचित जास्त असेलही, पण त्या किंचितचा तब्येतीवर परिणाम दिसलेला नाही. घरच्या बागेला हा वाद तसा लागूही होत नाही. त्यातले अभ्यास शेतातल्या मालाचे आहेत, आणि कुंडीतल्या पालकाचं पोषण कुंडीत काय घातलं यावर ठरतं. उपाशी मातीतला सेंद्रिय पालक हा उपाशीच पालक.

शिवाय घरगुती म्हणून निर्धोक, असं समीकरण डोक्यात बसलेलं आहे ते काढायला हवं. पाच टक्के निंबोळी अर्क मावा-तुडतुड्यांवर बरा चालतो आणि माणसाला त्याचा उपद्रव फारसा नाही. तंबाखूचा काढा मात्र अनेक घरगुती नुस्ख्यांत बिनदिक्कत सांगितला जातो. तंबाखूतलं निकोटिन हे जहाल विष आहे. निकोटिन सल्फेट या कीडनाशकाच्या वापरावर आपल्याकडे कधीचीच बंदी आहे. ज्या मेथीची भाजी चार दिवसांनी करायची तिच्यावर तंबाखूचं पाणी मारून तिला विषमुक्त म्हणणं हा विनोद झाला. मातीबद्दलही असाच भाबडेपणा दिसतो. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात २००० पर्यंत बंद झालं, पण शिसं मातीत पडलं की वरच्या थरात पिढ्यान्पिढ्या बसून राहतं. रस्त्याकडेची किंवा जुन्या इमारतीच्या पाडकामातली माती फुकट मिळाली म्हणून आणली तर तिच्यातला पालक सेंद्रिय असेल, निर्धोक असेलच असं नाही.

ताजेपणाचा पुरावा इतका वादग्रस्त नाही. पान तोडलं तरी त्याचा श्वास चालूच असतो. साठवलेली साखर जळत राहते, पाणी उडतं, जीवनसत्त्वं मोडत जातात. पालक, कोथिंबीर, मेथी यांचा श्वसनाचा वेग भाज्यांमध्ये वरच्या श्रेणीतला, बटाटा-कांद्याचा तळाचा. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पाकिटातला पालक वेगवेगळ्या तापमानांना ठेवून पाहिला. ४ अंश सेल्सिअसला आठ दिवसांत त्यातलं जवळपास निम्मं फोलेट गेलं. २० अंशांना तेवढाच ऱ्हास चार दिवसांत झाला. आपल्याकडे भाजीच्या प्रवासात ४ अंश कुठे येतात? संध्याकाळी काढलेली जुडी पाणी मारून, गोणपाटात बांधून रात्री टेम्पोत चढते. पहाटे वाशीच्या किंवा गुलटेकडीच्या घाऊक बाजारात उतरते, सकाळी किरकोळ विक्रेत्याकडे जाते, दिवसभर हातगाडीवर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडून टवटवीत ठेवली जाते. त्यात पंचवीस-तीस अंशांचे चोवीस तास गेले. पुढचे तीन दिवस ती आपल्याच फ्रिजमध्ये असते, आणि या तीन दिवसांचा दोष कुणी बाजाराला देत नाही. ज्या घरात रविवारी आठवड्याची भाजी भरतात त्या घरात गुरुवारच्या पालकातलं बरंचसं सत्त्व निघून गेलेलं असतं.

भाजी-भाजीत फरक इथे पडतो. दुधी, भोपळा, कोबी, कांदा, सुरण यांना दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. त्यांच्यासाठी कुंडी अडवणं हा जागेचा अपव्यय. मटाराची आणि कोवळ्या मक्याची साखर तोडल्या क्षणापासून पिठूळ व्हायला लागते. भेंडी तोडायलाच दोन दिवस उशीर झाला तरी तिच्यात दोरे होतात. आणि ओल्या मसाल्याच्या वनस्पतींचा, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा, ओवा यांचा सगळा जीव उडून जाणाऱ्या तेलांत असतो. फोडणीत ताजा तोडलेला कढीपत्ता आणि फ्रिजमध्ये काळवंडलेला कढीपत्ता यांतला फरक सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. बाल्कनीचा मघाचा चोवीस किलोंचा आकडा इथे पुन्हा घ्या. चौघांच्या घरात रोज पंचवीस ग्रॅम कोथिंबीर लागते असं धरलं तर वर्षाला नऊ किलो होतात. म्हणजे पंधरा दिवसांच्या भाजीला पुरणारी जागा वर्षभराचा हिरवा मसाला देऊन वर आठवड्याला मूठभर मेथी किंवा माठ देऊ शकते. किलोच्या हिशेबात हरणारी बाग ताजेपणाच्या हिशेबात जिंकते ती अशी.

मेथीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या रेतीत पिकणारी समुद्रमेथी लहान लहान जुड्यांत, मुळांसकट विकली जाते: पांढरी नाजूक दांडी, वर दोन-चार पानं, पेरल्यापासून दोनेक आठवड्यांत उपटलेली. आता दुकानात प्लास्टिकच्या डबीत चढ्या भावाने ‘मायक्रोग्रीन’ म्हणून जे मिळतं, त्याची ही जुनी, स्वस्त बहीण. घरात चार बोटं खोल ट्रेमध्ये डब्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब वर येतात आणि दुसऱ्या आठवड्यात कात्री लावता येते. तीन ट्रे चार-चार दिवसांच्या अंतराने पेरले की खंड पडत नाही. कोथिंबीर जरा हट्टी. धणे अखंड पेरले तर उगवण विरळ होते. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पेरावे लागतात, उगवायला आठ-दहा दिवस जातात आणि मार्च सरताच ती पानांऐवजी फुलावर येते. यात कुठेही महागडं संकरित बियाणं, पोषकद्रव्यांची बाटली किंवा ‘किट’ नाही. कदाचित म्हणूनच या गोष्टी जाहिरातींत दिसत नाहीत.

बियाणं स्वस्त, पण माती? शहरातल्या बागेचा खरा खर्च तिथेच आहे, आणि ‘सेंद्रिय’ या शब्दाला खरा अर्थही मला तिथेच दिसतो. रोपवाटिकेतली लाल माती कुठल्या तरी डोंगराचा किंवा शेताचा वरचा थर असतो. कोकोपीट दक्षिणेतून ट्रकने येतं, नीट धुतलेलं नसेल तर क्षार घेऊन येतं, आणि त्यात स्वतःचं पोषण जवळजवळ नसतं. महाराष्ट्रात याला पर्याय दाखवणारी माणसं होऊन गेली आहेत. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आणि शहरवासीयांना सांगितलं की माती ही विकत आणायची नसून पालापाचोळ्यातून बनवायची गोष्ट आहे. मुंबईत वांद्र्याला आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर प्लास्टिकच्या पिशव्यांत भाज्या घेऊन दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या तिन्हींत बागेचं इंधन आधीच उपलब्ध असलेला कचरा होता. घरातही ओला कचरा रोज निघतोच. तो नत्राने भरलेला असतो, म्हणून नुसता साठवला की सडून वास मारतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाचा सुका पाला मिसळला की त्याचं दोन-तीन महिन्यांत खत होतं. सोसायटीच्या आवारात झाडून जाळला जाणारा पाला हाच तो हरवलेला अर्धा भाग. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्प, पर्जन्यजल संधारण, सौर ऊर्जा यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. ही सवलत मिळवणाऱ्या किती खड्ड्यांत प्रत्यक्षात गांडूळ आहेत, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

विकतची माती, विकतच्या कुंड्या, विकतचं खत यांवर चालणाऱ्या बागेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही बरोबर आहेत. पहिला पैशाचा. कुंडीतल्या टोमॅटोच्या झाडाने दोन किलो फळं दिली तर ठीक चाललं म्हणायचं. मोठी पिशवी, मिश्रण, रोप आणि आधाराच्या काठ्या यांची किंमत त्यातून पहिल्या हंगामात निघत नाही. २०२३ चं टोमॅटोचं वर्ष आठवा. मे महिन्यात नाशिककडे टोमॅटोला कुणी विचारत नव्हतं, जुलैत किरकोळ भाव शंभरीपार गेला, सप्टेंबरात पुन्हा कोसळला. जुलैचा भाव पाहून ज्यांनी घरी रोपं लावली त्यांना लाल फळ मिळालं ते बाजारात टोमॅटो मातीमोल झाल्यावर. दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. युरोप-अमेरिकेतल्या पाच देशांतल्या ७३ शहरी बागांचा अभ्यास २०२४ च्या सुरुवातीला ‘नेचर सिटीज’मध्ये आला. शहरी भाजीच्या एका वाढपामागे सरासरी ४२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू पडतात, तर नेहमीच्या शेतीतल्या भाजीमागे ७० ग्रॅम. कारण वाफ्यांच्या चौकटी, शेड, कंपोस्टचे डबे, पाइप हे साहित्य बनवताना कार्बन खर्ची पडतो आणि चार-पाच वर्षांत ते टाकलं जातं. त्या अभ्यासात टोमॅटो अपवाद ठरला, पण तो तिथल्या हरितगृहांच्या तुलनेत. आपला नारायणगावचा टोमॅटो उघड्या रानात येतो, त्यामुळे ती सूट आपल्याला नाही. उपाय त्याच अभ्यासात आहे: साहित्य कमी घ्या, जुनं वापरा, वीस वर्षं टिकवा. तेलाचा रिकामा डबा, फळांचा क्रेट आणि घरचा कचरा यांवरची कोथिंबीर या आक्षेपातून बरीचशी सुटते. लोखंडी मांडव, शेडनेट आणि पाणी फिरवणारा पंप सुटत नाहीत.

पाण्याचा आक्षेप मराठवाड्यातून येतो तेव्हा तो ऐकून घ्यायलाच हवा. आपल्या उन्हाळ्यात वाफ्यातून दिवसाला सातेक मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे दर चौरस मीटरला सात लिटर; चार चौरस मीटरला रोज अठ्ठावीस. तापणाऱ्या काळ्या पिशव्यांत त्याहून जास्त. भाज्या-डाळी धुतलेल्या पाण्यात यातला मोठा वाटा निघतो. शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारं पाणी सर्रास कुंड्यांना घातलं जातं. पण यंत्रात विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी जात असेल तर त्या टाकाऊ पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि दोन उन्हाळ्यांत मातीवर पांढरा थर दिसू लागतो. टँकरच्या गावात मात्र एप्रिल-मेमध्ये ट्रे पालथे घालून ठेवणं हेच शहाणपण. आणि कुंडीखालच्या थाळीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा आठवड्यातून एकदा थाळ्या कोरड्या करायच्याच. पालिकेचे कर्मचारी घरात येऊन कुंड्या तपासतात ते याचसाठी.

राहिला शेतकऱ्याच्या बाजूने घेतला जाणारा आक्षेप: शहरातल्या सगळ्यांनी घरी भाजी लावली तर जुन्नर-निफाडच्या माणसाने काय करायचं? चोवीस किलोंच्या हिशेबात याचं उत्तर आलेलंच आहे. पाचशे साठ किलो त्याच्याकडूनच घ्यायचे आहेत. उलट, ज्याने कुंडीतल्या भेंडीची पानं पिवळ्या शिरांनी जाळीदार होताना पाहिली, कारल्यात फळमाशीने डंख मारलेला पाहिला आणि प्रत्येक कोवळ्या कारल्याला कागदाची पिशवी बांधून दमला, तो दहा रुपयांच्या जुडीसाठी घासाघीस करताना थोडा तरी थबकेल. दोन-चार कारल्यांना पिशव्या बांधता येतात; अर्ध्या एकरात शेतकऱ्याने तेच करायचं तर मजुरी कोण देणार? फवारणी का होते, हे कळायला यापेक्षा सोपी शाळा नाही. पावसाळ्यातही हाच धडा मिळतो. जुलै-ऑगस्टात कोथिंबीर-मेथी महाग होते कारण रानात पाणी साचून ती कुजते. घरी लावून पैसे वाचवू म्हणणाऱ्याच्या उघड्या ट्रेमध्येही ती त्याच पावसात, त्याच कारणाने कुजते. कौलाच्या वळचणीखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली ठेवली तरच तगते. त्या दिवसांत न सांगता वाढतात ती आळू, मायाळू, अंबाडी आणि माठ. मायाळूची एक कांडी जूनमध्ये खोचली की गणपतीपर्यंत ग्रिल झाकून जाते, आणि तिची भजी तोडल्यापासून दहा मिनिटांत ताटात येतात.